आधी अर्ज करा, चूक नंतर शोधा

गेल्या सहा महिन्यांत तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत किंवा कामाच्या ठिकाणी कुणी रस्त्यावरच्या अपघातात गेलं असेल, कुणाचा हातपाय मोडला असेल, आणि ‘चूक आपल्याच माणसाची होती, आता मागायचं तरी कुणाकडे’ असं म्हणून ते घर गप्प बसलं असेल, तर हा मजकूर आजच त्या घरी पोचवा. एवढं सगळं वाचायची त्यांची मनःस्थिती नसेल तर निदान निरोप द्या: समोरच्या गाडीवाल्याची चूक सिद्ध न करताही कायद्याने भरपाई मिळते, आणि ती मागायला सहा महिन्यांचीच मुदत आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ काढून पाहा. २०१९ च्या दुरुस्तीने हे कलम आजच्या रूपात आलं आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं. मोटार वाहनाच्या अपघातात माणूस दगावला तर पाच लाख रुपये, गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख. ही रक्कम त्या वाहनाच्या मालकाने किंवा त्याच्या विमा कंपनीने द्यायची. आणि अर्जदाराने गाडीमालकाचा, चालकाचा किंवा आणखी कुणाचा निष्काळजीपणा ना मांडायचा, ना सिद्ध करायचा. यालाच विनादोष दायित्व म्हणतात; कोर्टाच्या आवारात सगळे ‘नो फॉल्ट’ म्हणूनच ओळखतात. गंभीर दुखापत म्हणजे माणूस अंथरुणाला खिळलाच पाहिजे असंही नाही. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच आहे. मांडीचं हाड मोडून तीन महिने घरी पडलेल्या किती बांधकाम मजुरांना हे ठाऊक आहे?

घरं गप्प बसतात त्याला कारण आहे. त्यांच्या हाती पडणारा पहिला कागद असतो फिर्यादीचा, आणि त्यातली भाषा ठरलेली असते: मयताने आपल्या ताब्यातील मोटारसायकल भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवली आणि तो स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला. गेलेल्या माणसाचं नाव आरोपीच्या रकान्यात. हा कागद एकदा वाचला की घरातल्या कर्त्या माणसाची मान खाली जाते. दहाव्याला घाटावर जमलेली मंडळी दबक्या आवाजात बोलत असतात, ‘डोक्यावर हेल्मेट नव्हतं म्हणे’, ‘राँग साइडनं आला होता’, ‘कोर्टात गेलात तर उलट आपल्यावरच शेकेल’. गेलेल्याच्या बायकोच्या कानावर हे सगळं पडत असतं. कुणी तरी वडीलधारा सांगतो, वहिनी, कोर्टकचेरीच्या नादी लागू नका. ती लागत नाही. पोरांची शाळा सुटते, ट्रॅक्टरचे हप्ते थकतात, आणि विमा कंपनीच्या दप्तरी त्या अपघाताचा दावाच येत नाही.

त्या वडीलधाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्याचा सल्ला चुकीचा आहे. फिर्यादीतला तो मजकूर फौजदारी कामासाठी असतो. शिक्षा कुणाला करायची हे ठरवायला चूक शोधावीच लागते. घरातला मिळवता माणूस गेल्यावर चुलीचं काय, हा प्रश्न वेगळा आहे आणि कायद्याने तो वेगळाच ठेवला आहे. कलम १६४ च्या आधी त्याच धर्तीचं कलम १६३-अ होतं. त्याखालच्या दाव्यात विमा कंपनीला ‘चूक मृताचीच होती’ हा बचाव घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये दिला आहे. नवीन कलमाचे शब्दही तेवढेच स्वच्छ आहेत.

ही कल्पना कुणाला फार नवी किंवा परकी वाटत असेल तर त्यांनी घटस्फोटाकडे पाहावं. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीचा घटस्फोट १९७६ साली आला. गोव्यात तर पोर्तुगीज राजवटीतल्या १९१० च्या कायद्यापासून तशी सोय आहे. नवराबायको न्यायाधीशांसमोर उभे राहून एवढंच सांगतात की आम्ही वेगळे राहतो, आमचं जमत नाही, जमणार नाही. कोण क्रूर, कोण व्यभिचारी याचा पाढा वाचावा लागत नाही. हे आता समाजाने पचवलं आहे. चूक कुणाची हे न ठरवताही दोन माणसांची आयुष्यं मार्गी लागू शकतात, हे ज्यांना कौटुंबिक न्यायालयात पटतं, त्यांना अपघाताच्या बाबतीतही पटायला हवं.

हा हक्क आपोआप मिळालेला नाही. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. जिचा नवरा रात्री दोन वाजता हायवेवर गेला, साक्षीदार कुणी नाही, त्या बाईने चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायचा कसा? हा प्रश्न न्यायालयांना आणि विधी आयोगालाही छळत होता. अखेर १९८२ मध्ये कायद्यात कलम ९२-अ आलं. रक्कम तुटपुंजी होती, मृत्यूसाठी पंधरा हजार आणि कायमच्या अपंगत्वासाठी साडेसात हजार. पण दार उघडलं.

त्या दारातून सगळ्यात लक्षात राहण्यासारखी पावलं टाकली ती सातारा जिल्ह्यातल्या घरांनी. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तीनच्या सुमाराला तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग ४ वर पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून रस्त्याच्या कडेला कलंडला. पेट्रोल गळून जवळच साचत राहिलं. उजाडल्यावर माणसं तिथे जमली. सव्वासातच्या सुमाराला स्फोट झाला आणि जमलेल्यांपैकी काही जण जळून गेले. एका मृत तरुणाच्या आईने पंधरा हजार रुपये मागितले. तिला सांगण्यात आलं, की टक्कर झाली पहाटे, आग लागली चार तासांनी. टँकर तर तेव्हा नुसता पडून होता, मग हा मोटार अपघात कसा? प्रकरण जिल्ह्यातून मुंबईला आणि मुंबईहून दिल्लीला गेलं. जुलै १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्या आईच्या बाजूने दिला. कलंडलेला टँकरही ‘वापरात’च होता आणि हे कलम अपघातग्रस्तांच्या हितासाठी आहे म्हणून त्याचा अर्थ उदारपणेच लावला पाहिजे, असं त्या निकालाने सांगितलं. आजही देशभरातल्या न्यायाधिकरणांत या निकालाचा दाखला दिला जातो. पंधरा हजारांसाठी साताऱ्यातल्या एका आईने ही वाट काढून दिली, आणि त्याच वाटेवरचे पाच लाख आज आपण संकोचापोटी सोडून देतो आहोत.

आता व्यवहाराचं बोलू. अपघातात दुसरं वाहन असेल, ट्रक असो, एसटी असो, कुणाची कार असो, तर त्या वाहनाच्या मालकावर आणि विमा कंपनीवर कलम १६४ खाली दावा करता येतो. पायी चालणारा, सायकलवाला, रिक्षात बसलेला प्रवासी यांनाही. पण आपली गाडी आपणच चालवत असताना घसरून पडलो, दुसरं वाहन नव्हतंच, तर हे कलम सहसा कामी येत नाही. अशा वेळी गाडीच्या विम्याची पॉलिसी शोधा आणि त्यात मालक-चालकासाठीचा वैयक्तिक अपघात विमा आहे का पाहा. २०१८ च्या अखेरीपासून तो पंधरा लाखांचा आहे आणि त्याचा हप्ता पॉलिसीच्या कागदावर वेगळ्या ओळीत लिहिलेला असतो. गाडी ज्याच्या नावावर तोच चालवत होता आणि त्याच्याकडे वैध लायसन होतं, तर तिथेही चूक कुणाची हा प्रश्न येत नाही. गाडी बापाच्या नावावर आणि चालवत होता मुलगा, तर मात्र हा विमा लागू होत नाही. गावाकडे निम्म्या गाड्या अशाच चालतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो आहे.

आणखी एक सावधगिरी. समोरच्याची चूक स्पष्ट असेल, गेलेला माणूस तरुण आणि कमावता असेल, तर कलम १६६ खालचा दावा कितीतरी मोठ्या रकमेचा होऊ शकतो. तिथे चूक सिद्ध करावी लागते, पण भरपाई उत्पन्नावर आणि वयावर ठरते. तेव्हा घाईने पाच लाखांवर सही करून मोकळे होऊ नका. दोन्हींपैकी कुठला रस्ता धरायचा हे वकिलाला विचारून ठरवा. अर्ज जिथे अपघात झाला तिथेच करावा लागतो असंही नाही. अर्जदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या न्यायाधिकरणातही तो करता येतो. बीडचा ऊसतोड मजूर कोल्हापूरकडे ट्रॉलीखाली सापडला तर त्याच्या बायकोने कोल्हापूरच्या खेपा घालायची गरज नाही. बीडमध्ये दावा चालतो.

धडक देऊन गाडी पळून गेली असेल तर? तिथे हक्क सोडून देण्याचं प्रमाण भयानक आहे. वाहन सापडलं नाही तरी केंद्र सरकारची योजना आहे: मृत्यूसाठी दोन लाख, गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार, १ एप्रिल २०२२ पासून. अर्ज करायचा तो महसुली अधिकाऱ्याकडे, म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी प्रांत किंवा तहसीलदारांकडे. तो अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवतो, जिल्हाधिकारी मंजुरी देतात आणि पैसे थेट बँक खात्यात येतात. वकील लागत नाही. २०२२ या एका वर्षात देशात धडक देऊन पळून जाण्याचे ६७,३८७ अपघात नोंदले गेले. आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षात या योजनेखाली दावे आले २०५. उरलेल्या हजारो घरांना सरकारने नाकारलेलं नाही. ती घरं दारापर्यंत गेलीच नाहीत, कारण त्यांना दार आहे हेच कुणी सांगितलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये हीच तफावत पाहून आदेश दिला की अपघाताची नोंद झाल्यापासून महिन्याभरात वाहनाचा पत्ता लागला नाही, तर पोलीस ठाण्याच्या प्रमुखाने जखमीला किंवा मृताच्या वारसांना या योजनेची लेखी माहिती द्यावी. तुम्हाला असं पत्र आलं नसेल तर ठाण्यात जाऊन मागा. ते मागणं उर्मटपणा नाही.

मुंबई आणि आसपासच्या वाचकांसाठी लोकलबद्दल वेगळं सांगायला हवं. रेल्वे कायद्याचं कलम १२४-अ हेही विनादोष तत्त्वावरच उभं आहे. चालत्या गाडीतून प्रवासी पडला, मेला किंवा जखमी झाला तर रेल्वेची चूक होती की नाही, हे न पाहता भरपाई द्यायची. मृत्यूसाठी १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख रुपये. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकल वळणावर एकमेकींच्या जवळून गेल्या आणि दारात उभी असलेली माणसं खाली पडली, तेव्हा ‘लटकायलाच कशाला पाहिजे’ असं कितीजण म्हणाले! सकाळी आठच्या फास्ट लोकलमध्ये डोंबिवलीला ज्याने चढायचा प्रयत्न केला आहे त्याला हा प्रश्न पडणार नाही. न्यायालयालाही तो पडलेला नाही. दारात उभं राहणं हा निष्काळजीपणा असला तरी तेवढ्यावरून भरपाई नाकारता येत नाही, हे २०१० पासून सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही म्हणून दावा आपोआप बाद होत नाही, हेही २०१८ मध्ये स्पष्ट झालं. अपवाद आहेत: आत्महत्या, स्वतःहून केलेली इजा, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेलं कृत्य, स्वतःचा गुन्हा, आजारपणाने आलेला मृत्यू. रूळ ओलांडताना गेलेल्याला हे कलम लागू होत नाही.

म्हणूनच घरच्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. गेलेल्याचा मोबाइल कुणाला वापरायला देऊ नका, फॉरमॅट करू नका, सिम बंद करू नका. पास किंवा तिकीट आज त्या फोनच्या अॅपमध्ये असतं, आणि फोन पुसला की पुरावा पुसला. आणि लोहमार्ग पोलिसांनी जबाब घेतला की तो वाचून, समजून सही करा. गाडीतून पडला असताना ‘रूळ ओलांडताना’ असं लिहिलं गेलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. खोटं काही लिहवून घेऊ नका. खरं आहे ते मात्र सुटू देऊ नका. रेल्वे दावा न्यायाधिकरणाची पीठं मुंबईत आणि नागपुरात आहेत आणि मुदत एक वर्षाची आहे.

काही सज्जन माणसं विचारतात, चूक असणाऱ्यालाही पैसे दिले तर लोक बेफिकीर होणार नाहीत का? पाच लाखांसाठी ट्रकसमोर गाडी घालणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि तुम्हीही पाहिला नसेल. गाडी बेफाम चालवणाऱ्याला शिक्षा द्यायला फौजदारी कायदा आहे, तो जागेवरच आहे. आणि हे पैसे कुणाची भीक नाहीत. रस्त्यावर आणायच्या प्रत्येक गाडीला तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे, त्याचा हप्ता आपण सगळे भरतो. अपघात होणारच हे धरून समाजाने तो बोजा सगळ्यांवर वाटून घेतला आहे. मरणाऱ्याची चूक होती म्हणून त्याच्या सात वर्षांच्या मुलीने शिक्षा भोगावी, याला न्याय म्हणत नाहीत.

माझी तक्रार आहे ती रकमेबद्दल. २०१८ मध्ये केंद्राने पाच लाख ठरवले तेव्हा ती रक्कम दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढेल अशी तरतूद होती. नवीन कलमात पाच लाख राहिले आणि वाढ गेली. शिवाय धडक देणारी गाडी सापडली तर पाच लाख आणि पळून गेली तर दोन, हा फरक कुठल्या तत्त्वाने? गाडी पळाली यात त्या विधवेचा काय दोष? धडक देऊन पळालेल्या गाड्यांच्या भरपाईत दरवर्षी वाढ करता येईल का, याचा विचार करायला सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलेलं आहे. आपल्या खासदारांना पत्र लिहा, हा प्रश्न सभागृहात विचारा म्हणून सांगा. पण ती लढाई चालू राहील. तुमचा अर्ज तिच्यासाठी थांबता कामा नये.

आता विनंती, नाव घेऊन.

पोलीस पाटील आणि सरपंच हो, तुमच्या हद्दीत गेल्या सहा महिन्यांत कोण गेलं, कोण जखमी झालं, हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. त्या घरी जा. फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, जखमी असेल तर दवाखान्याचे कागद आणि एक्स-रे, समोरच्या वाहनाचा नंबर आणि विम्याची प्रत, वारसांचे आधार कार्ड आणि पासबुक, एवढं एका पिशवीत गोळा करून द्या. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवणं हे आता पोलिसांचं काम आहे, पण ते पाठवतील म्हणून वाट पाहत बसू नका.

वार्ताहर बंधूंनो, ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत एक ठार’ ही बातमी तुम्ही आठवड्यातून एकदा तरी लावता. तिच्या शेवटी एक ओळ वाढवा, की वारसांनी तहसील कार्यालयात भरपाईचा अर्ज करावा.

दवाखान्याबाहेर घुटमळणाऱ्या एजंटांपासून सगळ्यांनीच सावध राहा. मिळणाऱ्या रकमेतला हिस्सा फी म्हणून ठरवणं वकिलाला नियमानेच मना आहे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही तर कुणालाच देऊ नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट मिळतो. फोन १५१०० वर लावा.

सहा महिन्यांची मुदत उलटून गेली असेल तरीही हातपाय गाळू नका. या मुदतीविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या आहेत, तेव्हा वकिलाला विचारल्याशिवाय हक्क सोडू नका. मुदत शिल्लक असेल तर मात्र तेरावं, वर्षश्राद्ध, पोरांच्या परीक्षा, सुगी, कशाचीही वाट पाहू नका. उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन फिर्यादीची आणि पंचनाम्याची प्रत मागा. फिर्यादीची प्रत फुकट मिळते.